अंजिराचे डोळे उघडताना

आमच्या गच्चीवरचं अंजीर पाण्याच्या टाकीच्या वर डोकावायला लागलं, त्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठलं. "मॅडम, तो बांबू कधी काढताय?"

बांबू म्हणणं अन्यायाचं होतं, पण अगदीच खोटंही नव्हतं. निळ्या ड्रममध्ये लावलेली काडी तीन वर्षांत साडेसात फूट सरळ वर गेली होती. खाली नुसतं राखाडी खोड, मध्ये एक फांदी नाही, आणि टोकाला दहा-बारा पानांची छत्री. आदल्या वर्षी मोजून नऊ अंजिरं लागली. स्टुलावर चढूनही हात पोचत नव्हता, त्यामुळे सात बुलबुलांनी खाल्ली आणि दोन पडून फुटली.

दोष झाडाचा नव्हता. मुलुंड पूर्वेच्या आमच्या सात मजली इमारतीच्या गच्चीवर टाकी आणि लिफ्टच्या मशीनची खोली यांच्यामध्ये जी चिंचोळी जागा आहे, तिथे ड्रम ठेवायची परवानगी मिळाली होती. तिथे ऊन येतं ते जवळजवळ वरूनच. झाड उन्हाकडे गेलं. तेव्हा एवढा विचार मी केला नव्हता. मी माटुंग्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक होते. द्रावणं करणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं आणि मुलांनी फोडलेल्या ब्युरेटांचा हिशेब ठेवणं, हे माझं काम. झाडं निवृत्तीनंतर आली.

सासूबाई मूळच्या देवगडकडच्या. संध्याकाळी लिफ्टने वर येऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात आणि माझ्या बागकामावर देखरेख करतात. त्यांचा सल्ला एका वाक्यात संपला. "शेंडो मोड. शेंडो मोडलो काय फुटवे येतत, त्येका औषद कित्याक?"

मी ऑक्टोबरात सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, दीड फूट शेंडा उडवला. साडेसातचं सहा फूट झालं. वीस दिवसांत कापाच्या लगेच खालचे दोन डोळे फुटले, त्यातला एक मागे पडला आणि दुसरा सरळ वर निघाला. डिसेंबरात बघते तर बांबू पुन्हा सात फूट. मधल्या आणि खालच्या पंचवीसेक डोळ्यांपैकी एकानेही हालचाल केली नव्हती. खोडावर पानं गळल्याच्या खुणा असतात ना, चंद्रकोरीसारख्या, त्या प्रत्येक खुणेच्या वर एक टोकदार डोळा असतो. हात फिरवला की लागतो. पण सगळे झोपलेले.

हे असं का होतं, याचं उत्तर जुनं आहे. केनेथ थीमन आणि फोक स्कूग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये बाकल्याच्या रोपांवर प्रयोग केले. शेंडा कापला की खालचे डोळे फुटायचे. शेंडा कापून त्या जागी ऑक्झिन, म्हणजे शेंड्यात तयार होणारं वाढीचं संप्रेरक लावलं, तर फुटायचे नाहीत. म्हणजे शेंडा तिथे असण्याची गरज नाही, त्याचं ऑक्झिन खाली उतरत राहिलं की पुरे. आता माहीत झालंय की गोष्ट एवढीच नाही, साखर आणि आणखी एकदोन संप्रेरकंही त्यात आहेत. पण शेंड्याचं वर्चस्व समजायला एवढं पुरतं. सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. शेंडा मोडला की फुटवे येतात, पण कापाच्या खालचा पहिला फुटवा नवा शेंडा होऊन बसतो आणि जुन्याचीच गादी चालवतो. (हा स्कूग १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्वीडनकडून १५०० मीटर धावला होता. याचा अंजिराशी काही संबंध नाही, पण मला आवडलं म्हणून सांगितलं.)

जानेवारीत माझा मावसभाऊ लग्नाच्या निमित्ताने मुंबईत आला. त्याची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. गच्चीवर येऊन त्याने अंजिराकडे बघितलं आणि हसला. "ताई, आम्ही डोळे फोडायचंच तर काम करतो वर्षभर."

ते खरंच आहे. नाशिककडे एप्रिलात नव्या काड्यांसाठी खरड छाटणी होते आणि ऑक्टोबरच्या सुमारास घडांसाठी गोडी छाटणी. गोडी छाटणीनंतर डोळे सगळे एकदम फुटावेत म्हणून काडीवरच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. त्याला ते नुसतं 'पेस्ट करणं' म्हणतात. त्याने ते आणून द्यायची तयारी दाखवली, मी नाही म्हटलं. ते औषध अंगावर आलं आणि माणसाने त्यानंतर दारू घेतली तर अंग लाल होतं, छाती धडधडते, माणूस आडवा होऊ शकतो. पेस्ट करणाऱ्या मजुरांना म्हणून आधीच बजावून ठेवावं लागतं. आमच्या गच्चीवर एकतीस डिसेंबरला काय काय चालतं ते मला माहीत आहे. आणि मुळात ते थंडीत झोपलेल्या डोळ्यांसाठी आहे. माझ्या अंजिराला थंडी कुठली?

मग तो म्हणाला, "सिक्स बीए वापरून बघ."

६-बीए म्हणजे सहा-बेंझिलअ‍ॅडेनीन, सायटोकायनीन गटातलं संजीवक, म्हणजे झाडाचं संप्रेरकच. ऑक्झिन शेंड्यातून खाली येतं आणि डोळ्याला दाबून ठेवतं. सायटोकायनीन बरंचसं मुळांत तयार होऊन वर चढतं आणि डोळ्याला जागं करतं. या गटातलं पहिलं द्रव्य, कायनेटिन, १९५५ मध्ये विस्कॉन्सिनला सापडलं ते हेरिंग माशाच्या शुक्रपेशींतल्या डीएनएमधून, आणि शोधणाऱ्यांत पुन्हा तोच धावपटू स्कूग होता, कार्लोस मिलरबरोबर. नारळाच्या पाण्यात पेशींना वाढवणारं काहीतरी आहे, हे त्याच्याही आधी, १९४० च्या दशकात लक्षात आलं होतं. सासूबाई नारळ फोडला की खवट निघालेलं पाणी अंजिराच्या मुळाशी ओततात. मी त्यांना ही माहिती दिली तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी आता कुठे शाळेत जायला लागलेय.

पण एका नारळाच्या पाण्यातलं सायटोकायनीन ते कितीसं! मला नेमक्या डोळ्यावर, नेमकं प्रमाण हवं होतं.

मी आधी मरीन लाइन्सला उतरून प्रिन्सेस स्ट्रीटवर गेले. नोकरीत असताना तिथल्या केमिकलवाल्यांकडे माझं नेहमी जाणं होतं. एकाकडे ६-बीए होतं, पण टिश्यू कल्चरच्या प्रतीचं, पंचवीस ग्रॅमची बाटली. मला लागणार होतं एक ग्रॅमपेक्षा कमी. उरलेलं मी मृत्युपत्रात कोणाला देणार? शेवटी भावानेच बागेसाठी आणलेल्या पुडीतलं ग्रॅमभर औषध कुरिअरने पाठवलं. वर फोन करून तीनदा सांगितलं, "ताई, पीपीएम बघ हां. आम्ही घडांना दहा पीपीएम मारतो आणि तू हजारांत बोलतेयस."

पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग औषध. तो फवारणीचं बोलत होता, मी मलमाचं. दोन्हींत फरक आहे. फवारा सगळ्या झाडावर जातो, मलम एका डोळ्यावर बसतं आणि सालीतून आत जावं लागतं, म्हणून त्यात जास्त घालावं लागतं. मी पाच हजार पीपीएम धरले, म्हणजे अर्धा टक्का. चाळीस ग्रॅम मलमात ०.२ ग्रॅम औषध. माझ्याकडे सोनाराच्या वजनाचा छोटा काटा आहे, तो ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतो. दहा ग्रॅमच मलम करायचं तर ०.०५ ग्रॅम मोजावं लागलं असतं आणि काट्याच्या एका आकड्याने वीस टक्के चूक झाली असती. म्हणून चाळीस.

मलमासाठी लॅनोलिन हवं होतं, म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी. ते शुद्ध स्वरूपात सहज कुठे मिळतं, तर औषधांच्या दुकानात, अंगावर पाजणाऱ्या आयांच्या क्रीममध्ये. मी तीन ट्यूबा मागितल्या. दुकानदार ओळखीचा. "अरे वा काकू, नातू की नात?" मी म्हटलं, "अंजीर." त्याने पुढे काही विचारलं नाही.

६-बीए पाण्यात विरघळत नाही, हे आधी माहीत नसेल तर माणूस पांढरा गाळ ढवळत बसतो. एक नॉर्मल कॉस्टिक सोडा करायचा, म्हणजे १०० मिलिलिटर पाण्यात चार ग्रॅम. त्याचे दोन मिलिलिटर घेऊन त्यात पावडर विरघळवली. लॅनोलिन वाटीत घालून वाटी गरम पाण्यात ठेवली, ते सैल झाल्यावर द्रावण थेंबथेंब घालत घोटलं. लॅनोलिन पाणी भरपूर पिऊन घेतं, फुटत नाही. दुसऱ्या वाटीत तेवढाच सोडा घालून बिनऔषधाचं मलम केलं. ते नसतं तर डोळे औषधाने फुटले की सोड्याने की नुसत्या चोळण्याने, हे कधीच कळलं नसतं. दोन्ही डब्या फ्रिजमध्ये अमूलच्या बटरशेजारी ठेवल्या आणि वर लाल अक्षरांत लिहिलं: खाऊ नये. घरातल्या माणसांची मला खात्री आहे, पण पाहुण्यांची नाही.

नुसतं मलम लावायचं की खाचही पाडायची, हा पुढचा प्रश्न होता. डोळ्याच्या वर, पाव इंच अंतर सोडून, साल आडवी कापतात. ऑक्झिन सालीतून खाली येतं, तर त्याचा रस्ताच डोळ्याच्या डोक्यावर तोडायचा. खाच डोळ्याच्या खाली पाडली तर उलटा परिणाम होतो. मी लोखंड कापायच्या करवतीचं पातं वापरलं. त्याने एका ओढीत दोन-तीन मिलिमीटर रुंदीची खाच पडते. खोडाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त घेर कापायचा नाही आणि लाकूड लागलं की थांबायचं.

आता अंजिराचा चीक. पहिली खाच पाडली आणि दूध भळाभळा वाहायला लागलं. त्यावर मलम बसेना, लोण्यासारखं सरकायला लागलं. मी मनगटाने पुसत राहिले, तेही भर दुपारी दीड वाजता. दोन दिवसांनी मनगटावर लाल पट्टे उठले, मग फोड, मग काळे डाग. मला वाटलं ६-बीए बाधलं. चर्मरोगतज्ज्ञ बाईंनी नीट विचारून घेतलं आणि म्हणाल्या, औषध नाही हो, अंजिराचा चीक आणि ऊन. अंजिराच्या चिकात अशी द्रव्यं असतात की ती कातडीवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखं होतं. डाग जायला पावसाळा उजाडला. तेव्हापासून मी हे काम हातमोजे घालून, ऊन उतरल्यावर करते. खाच पाडायची, ओल्या फडक्याने चीक पुसायचा, पंधरा मिनिटं चहा प्यायचा आणि मग मलम.

पहिली फेरी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात केली. खोडाच्या मधल्या भागातले, माझ्या डोळ्यांच्या उंचीवरचे बारा डोळे घेतले. चिठ्ठ्या टाकून ठरवलं: तिघांना खाच आणि औषध, तिघांना नुसतं औषध, तिघांना खाच आणि बिनऔषधाचं मलम, तिघांना काहीच नाही. मुलीच्या जुन्या नेलपॉलिशने चार रंगांचे ठिपके दिले. वहीत तक्ता केला. एकतीस वर्षं मुलांना प्रयोगाच्या वहीवरून ओरडले, आता माझी वही बघायला कोणी नव्हतं. म्हणून अक्षर जरा बरं काढलं.

बाराव्या दिवशी वर गेले तर आनंदीआनंद. बारापैकी नऊ डोळे हिरवे झाले होते. त्यात 'काहीच नाही'वाल्या तिघांपैकी दोन होते.

आधी मला वाटलं चिठ्ठ्या चुकल्या. मग खोडावर बोट फिरवलं तर चिकट. लॅनोलिन चाळीस अंशांच्या आसपास वितळतं. टाकीच्या भिंतीला टेकलेलं ते खोड, फेब्रुवारीच्या शेवटचं दुपारचं ऊन आणि तापलेलं सिमेंट. वरच्या डोळ्यांचं मलम ओघळून खालच्या डोळ्यांवर आलं होतं. ज्याला औषध द्यायचं नव्हतं, तो पोटभर पिऊन बसला होता. ती बारा डोळ्यांची फेरी प्रयोग म्हणून वाया गेली. झाडाला त्याची कल्पना नव्हती, ते खूश होतं.

एवढं मात्र दिसलं की जिथे मी हात सैल सोडून मलम थापलं होतं, तिथे एका डोळ्यातून एक नव्हे, तीन-तीन फुटवे आले. पानं रुपयाच्या नाण्याएवढी, दोन पेरांत अंतरच नाही. फांदी नव्हे, केरसुणीच. सायटोकायनीन डोळा उघडतं, पण फांदी लांब करणं हे जिबरेलिन या वेगळ्या संप्रेरकाचं काम. म्हणूनच अमेरिकेत सफरचंदाच्या रोपवाटिकांत ६-बीए बरेचदा जिबरेलिन ४ आणि ७ यांच्याबरोबर देतात. भावाकडे जीए, म्हणजे जिबरेलिन होतं, पण ते तिसऱ्या प्रकारचं, द्राक्षाचं. तो म्हणाला पाठवतो. मी नको म्हटलं. दोन औषधं एकदम बदलली तर कुठल्याने काय केलं ते कळत नाही. मी केरसुणीतले दोन फुटवे नखाने खुडले, एक ठेवला. महिन्याभरात तो आपोआप लांबला आणि पानं मोठी झाली.

मार्चच्या मध्याला दुसरी फेरी. या वेळी लॅनोलिनला रजा दिली. चेरीच्या बागांत हेच औषध पांढऱ्या लेटेक्स रंगात मिसळून ब्रशने डोळ्यांवर लावतात, तीच युक्ती. घराच्या रंगकामातून उरलेलं पांढरं इमल्शन होतं, त्यात पुन्हा अर्धा टक्का. रंग अर्ध्या तासात वाळतो, ओघळत नाही आणि कुठे लावलं ते लांबून दिसतं. नेलपॉलिशची कटकट अर्धी गेली. बिनऔषधाच्या रंगात मात्र चिमूटभर हळद टाकली, ओळखण्यासाठी.

या फेरीत खोडाच्या खालच्या भागातले बारा डोळे होते, गुडघ्यापासून कमरेपर्यंतचे. मला खरी फांदी इथेच हवी होती. इथलं लाकूड तीन वर्षांचं, साल जाड. निकाल अगदी वेगळा. खाच आणि औषध मिळालेले तिन्ही फुटले, पण तीन आठवड्यांनी. नुसतं औषध लावलेल्यांपैकी एकही नाही. नुसती खाच असलेल्यांपैकी एक फुगला, टोक हिरवं झालं आणि तिथेच थांबला. काहीच न केलेले तसेच. बारा डोळ्यांवरून मी सिद्धांत मांडणार नाही, पण माझ्यापुरतं कळलं. कोवळ्या लाकडात औषध नुसतं लावलं तरी आत जातं, जुन्या सालीत त्याला दार करून द्यावं लागतं.

या भरात मी सीताफळाकडे वळले आणि सपशेल तोंडावर पडले. त्याच्याही दोन काठ्याच वाढल्या होत्या. पानाच्या बेचक्यात, जिथे डोळा असायला हवा, तिथे रंग लावला. आठ ठिकाणी. महिना गेला, काही नाही. प्रमाण वाढवावं का, अशा विचारात होते. तेवढ्यात सासूबाईंनी एका काठीवरची सगळी पानं ओरबाडून काढली. पिठ्या ढेकूण झाला होता, पांढरा कापूस दिसत होता, आणि त्यांना तो बघवत नव्हता. मी चिडले. प्रयोग मोडला म्हणून रात्रभर बोलले नाही.

पंधरा दिवसांत त्या नागड्या काठीवर जवळजवळ प्रत्येक पेरातून फुटवा आला. रंगवलेल्या आणि न रंगवलेल्या, दोन्हींतून.

मग मी दुसऱ्या काठीवरचं एक पान हलकेच मोडून बघितलं. सीताफळाचा डोळा पानाच्या बेचक्यात दिसतच नाही. तो देठाच्या बुडाखाली झाकलेला असतो, टोपीत बोट असावं तसा. पान गळलं किंवा तोडलं तरच उघडा पडतो. मी महिनाभर टोपीला रंग लावत होते. सासूबाईंना हे समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मगे मी काय वायट केलंय?" आणि दुसरी काठीही सोलून ठेवली.

आंब्यावर मी काही केलं नाही, पण आंब्याविषयी सांगायला हवं, कारण संजीवक म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांना कल्टारच आठवतं. पाचव्या मजल्यावरच्या काकांचं हापूसचं कलम गच्चीवरच अर्ध्या ड्रममध्ये आहे. माझं अंजीर फुटलेलं बघून ते एक दिवस कल्टारची बाटली घेऊन आले. "वहिनी, हे किती टाकू? मला पण फांद्या हव्यात." मी त्यांना सांगितलं, हे उलट्या कामाचं आहे. कल्टारमधलं पॅक्लोब्युट्राझोल झाडात जिबरेलिन बनू देत नाही. वाढ आखडते आणि हापूस दरवर्षी मोहोर धरायला लागतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस आहे ती त्यासाठी: जुलै-ऑगस्टमध्ये, झाडाच्या घेराच्या दर मीटर व्यासाला तीन मिलिलिटर, बुंध्याभोवतीच्या जमिनीत. ती दहा-वीस वर्षांच्या कोकणातल्या झाडांसाठी. चार फुटी कलमाला फांद्या हव्यात तर शेंड्याची चार पानं खुडा. आंब्याचे डोळे शेंड्याजवळ झुपक्याने असतात, तिथून तीन-चार फुटवे सहज येतात.

काकांनी "बरं बरं" म्हणून त्याच रात्री 'अंदाजाने एक झाकण' ओतलं. हे औषध मातीत फार काळ टिकतं, आणि ड्रममध्ये दुसरीकडे जायला माती नाही. पुढची पालवी आली ती मुठीत धरता येईल एवढी, पानं चुरगळल्यासारखी एकावर एक. आता काका रोज मला विचारतात, कधी सुटेल. मी सांगते, नवीन माती. ते म्हणतात, बघू.

एप्रिलात अंजिराला नऊ फुटवे राहिले होते आणि सगळे खोडाला चिकटून सरळ वर निघाले होते, नमस्काराला हात जोडावेत तसे. इतक्या अरुंद बेचक्याची फांदी पुढे फळांच्या ओझ्याने फाटते. शिवाय सगळेच वर गेले तर उन्हासाठी पुन्हा तीच मारामारी. भावाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "औषधाने डोळा उघडला, आता फांदी तू कर."

गच्चीवर कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आहेत, त्यामुळे चिमट्यांना तोटा नाही. फुटवा वीतभर असताना, अजून कोवळा असताना, चिमट्याचं तोंड खोडाला धरवायचं आणि त्याच्या मागच्या पायांनी फुटवा बाहेर ढकलायचा. दहा-बारा दिवसांत तो त्या कोनात घट्ट होतो. मोठ्या झालेल्या दोघांना दुधाच्या पिशवीत वाळू भरून टांगली. दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी विचारलं, नजर लागू नये म्हणून का? मी हो म्हटलं. सोपं पडतं.

आणि शेवटी ड्रम हलवला. हे मी सगळ्यात आधी करायला हवं होतं. चार माणसं, एक फळकूट आणि सेक्रेटरींची लेखी परवानगी, एवढं लागलं. गळती सुरू झाली तर खर्च माझा, असं त्यात लिहून घेतलंय. टाकीच्या सावलीतून ड्रम दक्षिणेच्या कठड्याजवळ आला. खालच्या तीन फुटव्यांना बाजूने ऊन मिळायला लागलं आणि महिन्याभरात त्यांनी वरच्यांना गाठलं. अंधारातच ठेवले असते तर ते फुटूनही वाळलेच असते. मधल्या भागातले टाकीकडच्या बाजूचे दोन तसे वाळले होतेच.

पावसाळ्याने आपला हिस्सा घेतला. मुंबईच्या पावसात अंजिराला तांबेरा येतोच. पानांच्या पाठीवर तांबूस पूड, मग पानगळ. ऑगस्टात झाड पुन्हा काठ्यांचं झालं, फक्त या वेळी नऊ काठ्यांचं. एका जुन्या खाचेत पाणी मुरून ती काळी पडली, बोटाने दाबल्यावर मऊ लागली. तिथपर्यंत कोरून बुरशीसाठी बोर्डो पेस्ट लावली: शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम चुना, एक लिटर पाणी, दोन्ही वेगळं भिजवून मग एकत्र, आणि लोखंडाच्या भांड्यात अजिबात नाही. ती फांदी गेली. एप्रिलनंतर खाच पाडायची नाही, असं वहीत अधोरेखित केलं आहे.

पाऊस ओसरल्यावर आठ फांद्यांना नवी पालवी आली. नोव्हेंबरात पहिली अंजिरं धरली, कमरेच्या उंचीवर, हात घातला की मिळतील अशी. सासूबाई खुर्चीत बसल्या बसल्या चाचपून बघतात. बुलबुलांसाठी जाळी लावली आहे आणि वरचं एक टोक त्यांच्यासाठी उघडं ठेवलं आहे. तेवढं त्यांचं.

परवा ड्रमची माती भुसभुशीत करताना एक नववी फांदी दिसली. ड्रमच्या कडेखाली, मातीला टेकून, अंगठ्याएवढी जाड, दीड फूट लांब. तिथला डोळा ना पहिल्या फेरीत होता ना दुसऱ्या. त्याला खाच नाही, रंग नाही, वहीत नंबर नाही. मी भावाला फोन केला.

"किती पीपीएम लावलं होतंस?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, सासूबाईंना विचारून सांगते.